टेबलाच्या पायातला काळा गोळा

मी रसायनशास्त्रातल्या रेणूंचे नमुने बांधायची एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मला खोटं जुळवता येत नाही.

एका कातारी कारागिराने माझे गोळे घडवले. काळा गोळा म्हणजे कार्बन, त्याला चार भोकं. पांढरा हायड्रोजन, त्याला एकच. भोकांत काड्या बसवल्या की अणू एकमेकांना धरून राहतात. दुहेरी बंध हवा असेल तर दोन पितळी स्प्रिंगा लावायच्या. भोकांचे कोन त्याने असे पाडले की आजवर कुणाला त्यांत खोट काढता आली नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी कशाला लपवू?

पीएच.डी. करणाऱ्यांनाही आधी वर्गात बसावं लागतं, बरं का. त्याला कोर्सवर्क म्हणतात. वर्णपटावरून पदार्थ ओळखायचा, अभिक्रियेचा वेग काढायचा, असे बरेच विषय असतात. माझा विषय मात्र रेणूंच्या रचनेचा. तो शिकवणाऱ्या मॅडमचा नियम होता, "आधी हाताने बांधा, मग तोंड उघडा." तेव्हा मला क्षणाची उसंत नसे.

मग संगणक आले. रेणू पडद्यावर गरगर फिरू लागले आणि माझी रवानगी कपाटात, जुन्या वायरींच्या गुंत्याखाली झाली. परीक्षेच्या खोलीतल्या लोखंडी टेबलाच्या एका पायाचं रबरी बूच हरवलं, तर कुणीतरी माझा एक काळा गोळाच त्या पोकळ पायात दाबून बसवला. फार लागलं मला ते. मॅडम तेवढ्या तोंडी परीक्षेला मला टेबलावर आणून ठेवत. उघडत कुणीच नसे.

अशात ताई आली. शाळेतली कायमची नोकरी सोडून ती संशोधनाला आली होती. बरोबरीचे सगळे वयाने लहान, म्हणून ती सगळ्यांची ताई. माझ्या विषयात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर प्रवेशच रद्द होणार होता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची लेखी उत्तरपत्रिका पुढे केली. सात कार्बनचा रेणू, सहांचं गोल कडं आणि त्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे सातव्याचा पूल गेलेला. त्यातून पाणी काढून टाकलं, तर दुहेरी बंध कुठे येईल?

"तुम्ही तो पुलाच्या टोकाशी काढलाय," परीक्षक म्हणाले. "का?"

"जास्त फांद्या असतील त्या बाजूला दुहेरी बंध जातो, सर. तसा नियम आहे."

"नक्की?"

ताईचा चेहरा पडला. मग तिची नजर माझ्यावर गेली. "बांधून बघू का, सर?"

माझं झाकण उघडलं! तिने भराभर सहा काळे गोळे जोडले आणि सातव्यासाठी चाचपडू लागली. मॅडमनी टेबलाखाली बोट दाखवलं. ताईने टेबल उचललं, गोळा उपसून काढला, आणि टेबल खाली ठेवताच ते कललं नि परीक्षकांच्या कपातला चहा उत्तरपत्रिकेवर सांडला.

कडं झालं, पूल झाला. आता दुहेरी बंध. पहिली स्प्रिंग कशीबशी बसली. दुसरी तिने ताणली, वाकवली, पण मी हटले नाही. टणकन उडून ती परीक्षकांच्या चष्म्यावर आपटली.

"माझं उत्तर चुकलं, सर," ताई म्हणाली. "इथे तो राहूच शकत नाही. कोन फार पिळला जातो." तिने स्प्रिंगा पुलाच्या टोकापासून दूर, पलीकडच्या बाजूला लावल्या. त्या अलगद बसल्या.

परीक्षक चष्मा पुसत हसले. "कागदावर चुकलात, पण चूक स्वतःच पकडलीत. मला तेवढंच बघायचं होतं."

ताई पास झाली. खोलीबाहेर पडताना तिने माझं झाकण दोन्ही हातांनी लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा सुटा भाग कुठेतरी ठोकून मोकळे होऊ नका. तो कुणाच्या अडीनडीला लागेल, सांगता येत नाही. आता माझा विषय ताईच शिकवते. तास संपला की ती सगळ्यांना आधी माझे काळे गोळे मोजायला लावते. ते टेबल अजूनही डुगडुगतं. ताई त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवते आणि म्हणते, "कागदाचं काय, तो काहीही सोसतो."