पंधरा वर्षांचं गाऱ्हाणं

कृष्णनाथ परबांनी पीपीएफचं खातं उघडलं ते आयकर वाचावा म्हणून, असं त्यांच्या कचेरीत सगळ्यांना वाटायचं. आता पेडण्याच्या बांधकाम खात्यातल्या हेडक्लार्कला असा कितीसा आयकर बसणार? पण परबांचं गणित निराळं होतं. आयकर वर्षातून एकदा येतो. नातेवाईक चवथीपासून शिगम्यापर्यंत कधीही येतात.

खातं निघालं ते भाषेच्या आंदोलनाच्या वर्षी. कोकणी की मराठी यावरून वाड्यावर दोन तट पडले होते आणि एका तटाचा माणूस दुसऱ्याच्या दुकानात काडेपेटीसुद्धा घेत नव्हता. उसने मागायला मात्र दोन्ही तट परबांच्याच सोप्यावर येत. परबांचं दोघांनाही लेकीचं नाव पुढे करून उत्तर एकच, "पैसे क्षमाच्या शिक्षणाचे. म्हापशाच्या बँकेत पंधरा वर्षं कुलपात. कोर्टालाही जप्त करता येत नाहीत, तिथं मी कोण?"

कोर्टाचं अगदी खरं होतं. फक्त मेहुण्यांबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मेहुणा म्हणजे गोकुळदास, परबांच्या बायकोचा, चंद्रावतीचा धाकटा भाऊ. कोंबड्यांचा धंदा झाला, सोड्याच्या बाटल्यांचा झाला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावर त्यालाही काहीतरी दर्जा हवासा वाटू लागला आणि त्याने मिनीबस घ्यायचं ठरवलं.

"भावोजी, मी बँकेत विचारून इलंय. तुमच्या त्या खात्यार तिसऱ्या वर्सापासून कर्ज मेळता."

"कोणी सांगितलं?"

"मॅनेजरान. चाय पण दिल्यान."

परबांच्या मनाला कर्जापेक्षा चहा जास्त लागला. दोन वर्षं ते खात्यात पैसे भरत होते, त्यांना कोणी पाणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षीच्या जत्रेला परब नारळ घेऊन राखणदारासमोर उभे राहिले. सीमेवरच्या वडाखालचा हा देव रात्री सोटा घेऊन गावाभोवती फिरतो, त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम भिकाजी गावकराचं. तो मोठ्याने मागणं मांडतो आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. भिकाजीने परबांच्या सांगण्यावरून मांडलं, की चेडवाच्या, म्हणजे लेकीच्या, शिक्षणाचा पैसा पंधरा वर्षं कोणी हलवणार नाही. सगळा वाडा 'व्हय म्हाराजा' म्हणाला. गोकुळदासलाही म्हणावं लागलं.

त्यानंतर कोणी मागायला आलं नाही. गोकुळदासने दुसरीकडून कर्ज काढून बस घेतली आणि ती बरी चालली. परबांना ते थोडं जडच गेलं.

मग क्षमा बारावी झाली आणि तिला फर्मागुडीला इंजिनिअरिंगची जागा मिळाली. शनिवारपर्यंत फी आणि वसतिगृहाचे पैसे भरायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. सरकारी नियमाने सातव्या वर्षापासून निम्मे पैसे काढता येत होते आणि खात्याला आठवं वर्ष लागलं होतं. परब शीळ घालत बँकेत जायला निघाले, तर चंद्रावती दारात.

"देवाक पंधरा वर्सांचो शब्द दिलात. आता मदीच हात घालतलात?"

"अगो, ते फक्त गोकुळाला गप्प करायला..."

"म्हणजे देवाक खोटा सांगितलात? माझ्या भावासाठी?"

परब छत्री शोधू लागले. क्षमा चहात पाव बुडवत म्हणाली, "जाऊ दे बाबा. मी म्हापशाला बी. एस्सी. करते. येऊन-जाऊन होईल." ती बोलत राहिली आणि पाव विरघळून तळाला गेला. एरवी ती स्वतःच हसली असती.

परब छत्री घेऊन तडक भिकाजीच्या शेतावर गेले. भिकाजी बांधाला माती लावत होता.

"गाऱ्हाण्यान बांधललां गाऱ्हाण्यानच सुटता," तो म्हणाला. "पण त्या दिसा होती ती माणसां व्हयी."

"गोकुळदासपण?"

"तो पयलो."

म्हणजे पैसे सुटतात हे मेहुण्याच्या समोरच जाहीर करायचं. परबांनी छत्रीआड डोळे मिटून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी वडाखाली नारळ, विडा, विडी आणि फेणीची बाटली मांडली. गोकुळदास अख्ख्या वाड्याला बसमधून घेऊन आला. चेहरा प्रसन्न. दुसऱ्या बसचं बोलणं चालू होतं.

भिकाजीने हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान पंधरा वर्सांचो शब्द दिल्लो. आज चेडवाच्या शिक्षणापुरतो तो सैल कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गोकुळदासचा आवाज सगळ्यांच्या वर.

भिकाजीने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. हे पुढचं परबांनी सांगितलेलं नव्हतं.

"आणि त्या पैशार आणखी कोणाची नजर पडात, शेजाऱ्याची पडात, सोयऱ्याची पडात, तर त्याच्या गाडयेचा चाक जाग्यार रवांदे रे म्हाराजा!"

वाड्यात गाडी एकाचीच होती. सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मालकाकडे. गोकुळदास चाकांकडे बघत पुटपुटला, "व्हय म्हाराजा."

"म्हाताऱ्या देवाक ऐकाक येवक नाय," भिकाजी म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" वडावरचे कावळे उडाले.

चंद्रावतीने पदर डोळ्यांना लावला, पण तो हसू लपवायला असावा. क्षमाने प्रसादाचं खोबरं दोनदा घेतलं.

सकाळी गोकुळदासच परबांना आणि क्षमाला बसने म्हापशाला घेऊन गेला. क्षमाला पुढची खिडकी दिली, "इंजिनेराकडसून तिकीट घेवचा नाय" म्हणाला. मग परबांपुढे हात केला.

"माझंसुद्धा?"

"भावोजी, फुकट नेलंय आणि चाक रवला तर? देवाक वाटतला, माझी नजर असा."

परबांनी तिकीट काढलं. सुटे परत मागितले नाहीत. बँकेत मॅनेजरने चहा मागवला, तिघांनाही. गोकुळदास बरोबर होता म्हणूनच, पण परबांनी तो बशीत ओतून सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत घेतला.