दिवेलागणीचं औषध

मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. बाभळीच्या लाकडाचा, तीन चाकांचा आणि बोलायला जरा फटकळ. कडेगावच्या कृष्णात सुतारानं मला घडवलं आणि सांगलीजवळच्या या घरात मी पारसला चालायला शिकवलं. नंतर मला माळ्यावर टाकलं. पारसचं लग्न झालं तरी माझी कुणाला आठवण नाही!

आठवण झाली ती त्याच्या लेकासाठी, आर्जवसाठी. तिसरं वर्ष संपत आलं तरी पोरगं उभं राहत नव्हतं. तान्हेपणापासून त्याला फिट यायच्या, पायही ताठ. सांगलीच्या डॉक्टरांनी फिटचं औषध लावून दिलं, रोज सकाळी आणि दिवे लागल्यावर. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, याला जड करा, नाहीतर हा पोराला ओढत नेईल. मी ओढणारा? मला रागच आला. पण पारसनं चाकांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे गुंडाळले, पुढं वीट बांधली आणि मी खरंच मुंगीच्या चालीनं चालू लागलो.

सुरुवातीला आर्जव नुसता दांडा धरायचा. मग धरून उभा राहू लागला. फिट थांबून बरेच महिने झाले होते, आणि एक दिवस त्यानं डावा पाय उचलून पुढं टाकला. काय सांगू मित्रांनो, अख्खं घर सोप्यात गोळा झालं. त्याची आज्जी चंदनबाला हसली, रडली, तिनं त्याची दृष्ट काढली.

आणि त्याच आज्जीच्या हातून ते घडलं.

भादव्यात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व लागलं. पर्वात सूर्य मावळला की आज्जी पाण्याचा थेंबही घेत नाही. सून भाग्यश्री संध्याकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायची, पोराचं औषध सासूवर सोपवून. आज्जीनं मनाशी नियम घेतला, की अंधार पडल्यावर आर्जवच्याही तोंडात काही जाऊ द्यायचं नाही, म्हणजे तो लवकर चालेल. फिट तर कधीच्या थांबल्या होत्या! बाटली आत माजघरात, मी बाहेर सोप्यात, मला काय कळणार? भाग्यश्रीनं विचारलंही नाही. आज्जी नातवावर जीव टाकायची, मग विचारायचं तरी काय?

पर्व संपता संपता, सकाळच्या उन्हात, आर्जव माझा दांडा धरून निघाला होता. एकाएकी त्याची मूठ अशी आवळली की मीच हादरलो. डोळे फिरले. तो फरशीवर पडला आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. लाकडाला काळीज नसतं म्हणतात, पण माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. भाग्यश्रीनं त्याला कुशीवर वळवलं, पारसनं गाडी काढली.

दवाखान्यातून ते परतले तेव्हा आज्जी उंबऱ्यातच बसली होती.

"मीच दिलं न्हाई गं औषध. त्याच्यासाठीच नियम धरला हुता."

मी सुन्न झालो, अजूनही आहे. वाईट चिंतणाऱ्यापासून लेकराला सांभाळता येतं हो, पण हे कुणाच्या ध्यानीमनी यावं? बस्तीतले पुजारी उपाध्ये येऊन सांगून गेले, आजारी लेकराला असला नियम नसतोच, आधी विचारायचं होतं. ते ऐकून आज्जी आणखीच खचली.

आर्जव मागं गेला. मी दिसलो की मान फिरवायचा. बसणं, धरणं, उभं राहणं, सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आज्जी त्याला मांडीवर घेईना, औषधाच्या बाटलीकडे बघेना.

परवा दिवे लागले तशी भाग्यश्रीनं औषध मोजून सिरिंजमध्ये भरलं आणि आज्जीपुढं धरलं.

"आई, आजपासनं तुमीच द्या."

"माज्या हातानं? नगं गं."

"तुमच्याच हातानं. मी हाय हितंच."

आज्जीनं सिरिंज हातात घेतली. आर्जवनं तिच्याकडे पाहिलं आणि आपणहून तोंड उघडलं.

मित्रांनो, त्याचं पाऊल अजून पडलेलं नाही. पडेल तेव्हा पडेल, माझी चाकं थांबायला तयार आहेत. तुम्ही एवढंच करा. लेकराचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधी बंद करू नका, त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही.