करवतीच्या आवाजावर हाक

माझ्या सासऱ्यांचं नाव मी सांगणार नाही, तेव्हा विचारायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, दिराचं घेत नाही, चुलत सासऱ्यांचं घेत नाही, आणि नवऱ्याचं तर नाहीच नाही. त्यातून माझ्या सासऱ्यांच्या नावात एका धातूचं नाव आहे. म्हणून त्या धातूलासुद्धा मी 'काळं' म्हणते. काळ्याची कढई, काळ्याचा खिळा. बाजारात नवा दुकानदार असला की माझ्याकडे बघतच राहतो. बघू दे मेल्याला.

त्या पानगळीत आमच्या अंगणात काळ्याचाच ढीग पडला होता, कारण सासऱ्यांनी घरच्या घरी करवतगिरणी उभी करायचं डोक्यात घेतलं होतं.

हौस म्हणून नव्हे. थोरल्या मुलाला बापाने वेगळं घर बांधून द्यायचं आणि धाकट्याने आईबापाजवळ राहायचं, ही आमची रीत. आमचे हे थोरले. ते रशियात इमारतींच्या कामावर होते, आणि इकडे त्यांच्या माघारी उन्हाळ्यात सगळ्या गावाने मिळून आमच्या घराच्या भिंती उभ्या केल्या. कच्च्या विटांच्या. छप्पर तेवढं राहिलं. कच्च्या भिंतीवर छप्पर नसेल आणि वर बर्फ साचून वितळलं, तर वसंत येईपर्यंत घराचा चिखल होतो. समोरच्या डोंगरावर बर्फ आलेलं होतं. रोज सकाळी उठून मी बघायची, ते काल होतं त्याच्या खालीच असायचं.

लाकूड होतं. हे जन्मले तेव्हा सासऱ्यांनी पाटाच्या कडेने पॉप्लरच्या झाडांची रांग लावली होती, तीच पाडली. पण बाजारगावच्या गिरणीकडे जाणारा पूल पुराने नेला होता आणि घोड्याच्या पाठीवरून एवढाले ओंडके कसे न्यायचे? सासरे म्हणाले, "गिरणीकडे जाता येत नाही ना? मग गिरणी इकडे आणू."

"इकडे आणू म्हणे!" सासूबाई पिठाच्या हातानेच बाहेर आल्या. "दाढी पांढरी झाली, अक्कल कधी यायची? आधी हाताची बोटं मोजून ठेवा, मग करवतीला हात लावा."

गोल पातं आमच्याच गोठ्यात भिंतीला टांगलेलं होतं. सरकारी वखार बंद पडली तेव्हा कुणी दार नेलं, कुणी खिडकी. सासऱ्यांनी पातं आणलं होतं. जमिनीवर उभं केलं तर माझ्या कमरेला लागेल एवढं. मोडक्या मळणीयंत्राचा दांडा काढला, बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, ओकच्या जाड तुळयांच्या चौकटीत बसवली. ओंडका सरकवायला गाडा केला, गाड्याखाली काळ्याचे रूळ. रूळ पात्याशी सरळ आहेत की नाहीत हे बघायला सासरे दोरी ताणून जमिनीवर पालथे पडायचे आणि एक डोळा मिटून तासभर तसेच राहायचे. सासूबाई जाता-येता म्हणायच्या, "गेले वाटतं!"

शक्ती ट्रॅक्टरची. ट्रॅक्टर सासऱ्यांच्या धाकट्या चुलतभावाचा. त्यांचंही नाव घ्यायची सोय नाही, म्हणून ट्रॅक्टरवाले आबा म्हणते. हा माणूस तोंडाने असा फटकळ की विचारू नका. ट्रॅक्टरच्या चाकावरून पात्याच्या दांड्यावर मळणीचा लांब पट्टा चढवला, सगळ्यांनी तळवे उघडून देवाकडे बरकत मागितली, हात तोंडावरून फिरवले आणि ट्रॅक्टर सुरू केला. ओंडका पुढे सरकवला तर कापायचं नाव नाही! नुसता धूर.

"भाऊ," ट्रॅक्टरवाले आबा म्हणाले, "तुझी करवत उलटी फिरतेय. दातांच्या पाठीने लाकूड चोळतोयस. असंच चोळत राहिलास तर वसंतात निघेल एखादी फळी."

सासऱ्यांनी ट्रॅक्टर बंद करायला लावला. पट्टा उतरवला, मधोमध एक पीळ दिला, इंग्रजी आठासारखा, आणि पुन्हा चढवला. पातं सरळ फिरायला लागलं. मी रुमालाचं टोक तोंडाला लावून हसले, पण ते पातं वेगात आलं तेव्हा माझं हसू पळालं. वेगात दात दिसत नाहीत. तिथे काही आहे असंच वाटत नाही, फक्त वारा आणि शिट्टी. आणि वेग जरा जास्त झाला की पातं कडेने थरथरायचं, कमी झाला की लाकडात अडकून जळका वास यायचा. ट्रॅक्टरवाल्या आबांचा हात म्हणून सारखा रेसच्या दांडीवर.

ते तिकडे लांब, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथून त्यांना काप दिसायचा नाही. मी पात्याच्या मागच्या बाजूला, फळ्या उचलायला आणि पाचर मारायला. तेव्हा असं ठरलं की पातं दमलं की मी "आबा!" म्हणून ओरडायचं आणि त्यांनी रेस वाढवायची.

पाचरीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. ओंडका चिरत जातो तसा मागे चिरलेला भाग पुन्हा मिटू बघतो. लाकूड पिळाचं असलं तर दोन्ही भाग पात्याला चिमटीत धरतात. मागच्या बाजूला दात खालून वर येत असतात. त्यांनी फळी उचलली की ती पुढे फेकली जाते, करवत चालवणाऱ्याच्या अंगावर. म्हणून खऱ्या गिरणीत पात्याच्या मागे काळ्याची एक पट्टी उभी बसवलेली असते, काप उघडा ठेवायला.

"ती पट्टी बसव," ट्रॅक्टरवाले आबा म्हणाले होते. "एवढं भंगार जमवलंस, त्यात हातभर पट्टी नाही?"

"वेल्डिंगवाला नदीपलीकडे. तो येईपर्यंत बर्फ येईल," सासरे म्हणाले. "सूनबाई हाताने पाचर मारेल. झालं!"

पहिले ओंडके लोण्यासारखे गेले. पांढऱ्या ओल्या फळ्या निघत होत्या, त्यांचा गोडसर वास सुटला होता, आणि मला वेड्यासारखा आनंद झाला होता. माझं छप्पर! गावातली म्हातारी मंडळी भिंतीला टेकून बसली होती, सल्ले देत होती, सासूबाई वाडग्यांतून चहा फिरवत होत्या. दुपारी ढग खाली उतरले आणि वारा सुटला. सासऱ्यांनी आभाळाकडे बघितलं आणि हात चालवला. पाटाकडेच्या टोकाच्या झाडाचा ओंडका गाड्यावर घेतला. त्या झाडाला जन्मभर वारा एकाच बाजूने लागलेला, सालीवरच पीळ दिसत होता. मला तेव्हाच ते लाकूड नको वाटलं. पण सून काय बोलणार?

निम्मा काप झाला. मी पाचर मारली. ती बसली, मी दुसरी घ्यायला वाकले, आणि पहिली माझ्या डोळ्यांसमोर उडाली. काप मिटला. फळीचं मागचं टोक एकदा उचललं, टेकलं, पुन्हा उचललं. सासरे त्या फळीच्या अगदी रेषेत उभे होते, वाकून, छाती गाड्याला लावून, नजर पुढच्या दातांवर. मागे काय चाललंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आबा!" मी ओरडले.

आणि ट्रॅक्टरवाल्या आबांनी रेस वाढवली! सकाळपासून मी हाच शब्द ओरडत होते ना. पात्याची शिट्टी किंचाळायला लागली.

"आबा! आबा!"

भिंतीकडेच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. सासऱ्यांसकट माझे सगळेच आबा. एक जण तर "काय गं पोरी?" म्हणून उठूनही उभे राहिले. रेस आणखी वाढली. वळले नाहीत ते फक्त माझे सासरे. फळी थडथडत होती, पात्याला धूर सुटला होता, आणि मला दिसत होतं, आता जाणार, आता हे जाणार, माझ्या छपरापायी हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत मरणार.

मी त्यांचं नाव घेतलं. आबा नाही, अहो नाही. नुसतं नाव, आई लेकराला मारते तशी हाक. सगळा जोर लावून.

ते ताठ उभे राहिले. पात्याकडून वळून एक पाऊल बाजूला झाले, कोणी बोलावलं ते बघायला. तेवढ्यात फळी सुटली. जिथे त्यांची छाती होती तिथून गेली आणि माझ्या नव्या घराच्या भिंतीत जाऊन रुतली. वीट फुटून धुरळा उडाला. ट्रॅक्टरवाल्या आबांनी इंजिन बंद केलं. पातं बराच वेळ आपोआप फिरत राहिलं आणि मग थांबलं.

कोणी फळीबद्दल बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाक कापलंस गं, नुरिपा!" सासूबाई तरातरा पुढे आल्या, हातातला चहा अंगावर सांडला तरी त्यांना कळलं नाही. "सासऱ्याचं नाव! तेही एकेरी! तेही चार जाणत्यांच्या समोर! तुझ्या आईने हेच शिकवून पाठवलं का?"

"मग काय मरू द्यायचं होतं?" मी उलट बोलले, आणि भुशातच खाली बसून रडायला लागले.

सासरे ओंडक्यावर टेकले. टोपी काढली, तिच्यावरचा भुसा झटकला, पुन्हा घातली. "हाक कोणी मारली?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज निराळाच होता.

"मी, आबा. चुकले."

"तू होय," ते म्हणाले. "मला वाटलं, माझी आई."

भिंतीजवळ कोणीतरी खाकरलं. सासरे हातांकडे बघत बोलत होते. "थोरला भाऊ गेला, तेव्हापासून मला नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही. या गावात आता मीच मोठा. सगळ्यांचा आबा. आबा म्हणून कोणी ओरडलं तर मी मान वळवत नाही, कंटाळा आलाय, गावात ढिगाने आबा आहेत. पण नाव ऐकलं आणि पाय आपले आपणच वळले."

ट्रॅक्टरवाले आबा पहिल्यांदाच तोंड न चालवता उठले. नांगराचा जुना फाळ शोधून आणला, शेकोटीत लाल करून ठोकला, भोकं पाडली आणि पात्याच्या मागे बोल्टांनी आवळून बसवला. हेच सकाळी केलं असतं तर! पण ते कोण म्हणणार? तोवर वारा वाढला, आणि हवेत बर्फाचे बारीक कण दिसायला लागले. ओंडके अजून अर्धे पडून होते.

सासरे उठले. "आता अडकणार नाही. पण ही घरची गिरणी आहे, हिचा भरवसा नाही. पात्याच्या मागे असा कोणीतरी उभा पाहिजे, ज्याची हाक मला कळेल. आबा चालणार नाही. सूनबाई, मारशील?"

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, मी प्रयत्न केला. मघाशी जे आपोआप निघालं होतं ते आता काही केल्या निघेना. मी मान हलवली आणि पुन्हा रडू फुटलं.

"मग नको," सासरे म्हणाले. "पण हाक नसेल तर मी पातं फिरवणार नाही. भिंती भिजतात तर भिजू देत."

भिंतीजवळची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. नाव घ्यायचा अधिकार मोठ्याचा, आणि त्यांच्यात कोणी मोठं नव्हतं. ट्रॅक्टरवाले आबा पुटपुटले, "मी तर भाऊच म्हणणार, आणि मी तिकडे दांडीवर असणार."

"हो बाजूला," सासूबाई मला म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हातातली पाचर काढून घेतली. झग्याचा घोळ कमरेला खोचला आणि मी जिथे उभी होते तिथे जाऊन उभ्या राहिल्या. "सून नाव घेणार नाही. माझ्या घरात ते चालायचं नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मी मारते हाक."

सासरे त्यांच्याकडे बघतच राहिले. सबंध संसार "अहो", "म्हातारबुवा", "ऐकलंत का" यांवर निभावलेला. सासूबाईंनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. डोक्याचा रुमाल नीट केला. मग त्या नाव बोलल्या, इतकं हळू की शेजारी असूनही मला ओठांवरूनच कळलं.

सासऱ्यांनी कानाला हात लावला. "ट्रॅक्टर बंद असताना ऐकू येत नाही. चालू झाल्यावर काय ऐकू येणार?"

सासूबाई संतापल्या. मान लाल झाली. आणि त्यांनी अशी खणखणीत हाक मारली की पलीकडच्या अंगणातून शेजारीण बुरुल धावत कुंपणापाशी आली, काय झालं म्हणून. ट्रॅक्टरवाले आबा उगाच इंजिनात डोकं घालून काहीतरी शोधत होते.

सासरे आमच्याकडे पाठ करून गाड्यावर हात टेकून उभे होते. बर्फ त्यांच्या खांद्यांवर पडत होतं.

"ऐकू आलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"आलं."

"मग करा की सुरू! काय उभे राहिलात? पोरीचं घर भिजतंय."

"करतो," ते म्हणाले. "अजून एकदा मार."

सासूबाईंनी पुन्हा हाक मारली, या वेळी न ओरडता.