खाली धरणारा

झाडावर चढायला मला कुणी लागत नाही. उतरायला लागतं. निदान माझी आणि शेजारच्या लामारची तशी पद्धत होती.

हरणाच्या शिकारीसाठी लोक झाडावर पत्र्याची खुर्ची टांगतात. मी खोगीरवाला. घोड्याचं खोगीर नव्हे, कमरेला आणि बुडाखाली बांधायचा रुंद पट्टा. तो दोरीने खोडाला अडकवायचा, पाय छोट्याशा फळीवर टेकायचे आणि धनुष्य हाताशी ठेवून दिवसभर झाडाकडे तोंड करून लटकायचं. लामार असल्या भानगडीत पडला नाही. त्याला उंचीवर भोवळ येते. "मी माणूस आहे, खार नाही," असं म्हणून तो ओढ्याकाठच्या झुडपात बसायचा आणि बहुतेक वेळा तिथे झोपायचा.

संध्याकाळी मात्र तो माझ्या झाडाखाली यायचा. उतरताना मी वर खोडाला दोर बांधतो, तो खोगिराला अडकवलेल्या, इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या एका कड्यातून ओवतो आणि त्यावरून सरकत खाली येतो. हे आठाचं कडं हलकं, साधं आणि महा बेभरवशाचं. आपण हाताने दोर आवळून धरला तर ते थांबतं. हात सुटला की थांबत नाही. म्हणून खाली एक माणूस दोराचं टोक धरून उभा राहतो. वरच्याचा हात सुटलाच, तर खालच्याने दोर ताणायचा, की वरचा जागच्या जागी लटकतो. मी हळूच विचारायचो, "धरलास?" तो काही न बोलता दोराला एक झटका द्यायचा. मग मी फळीवरून पाय काढायचो. इतक्या वर्षांत त्याला खरोखर ताणावं लागलं ते एकदाच. त्यावरून तो मला प्रत्येक ख्रिसमसला टोमणे मारायचा.

मी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगतो, स्कूलबस दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, वेळच मिळाला नाही. खरं म्हणजे शेजारी लामार आणि त्याची बायको आयोन होते, त्यामुळे कमी काही जाणवलंच नाही. मग आयोनच्या छातीला आमची पेनसिल्व्हेनियाची थंडी सोसेना. डॉक्टर म्हणाले, गरम हवेत जा. ती दोघं फ्लोरिडाला गेली. शेजारचं घर बंद झालं. त्यांच्या अंगणातलं गवत मी कापत राहिलो. परत आल्यावर त्यांना रान माजलेलं दिसू नये, एवढंच मनात होतं.

पहिल्या शरदात लामार आला नाही. मी एकटाच जंगलात गेलो. संध्याकाळी दोर सोडला, कड्यात ओवला आणि सवयीने विचारलं, "धरलास?" आणि दोराला झटका बसला!

आता शहाण्या माणसाने विचार केला असता. लामार हजार मैलांवर समुद्राकाठी पेलिकन पक्षी मोजत बसलाय, झटका कोण देणार? दोराचं टोक वाऱ्याने खालच्या काटेरी वेलात गुंतलं होतं, एवढंच. पण माझ्या पायांना तो झटका इतका ओळखीचा, की त्यांनी मला विचारलंच नाही. मी फळी सोडली. हातही नेहमीसारखाच सैल. सर्रकन खाली आलो, तळहात भाजला आणि पालापाचोळ्यात बुडावर आपटलो. हाड मोडलं नाही. पण तिथे पडल्यापडल्या मला जे वाटलं ते दुखण्याचं नव्हतं. झटका बसला त्या क्षणी मी किती खूश झालो होतो, ते आठवून मला रडू आलं. जंगलात कुणी नव्हतं, म्हणून रडून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी ट्रूडीच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिचा बाप माझ्याबरोबर गॅरेजात होता. ती माझ्यादेखत लहानाची मोठी झाली, त्यामुळे तिला माझी भीती नाही आणि मला तिच्यापाशी अब्रू नाही. दुकानामागे तिने विजेचा एक जुना खांब रोवलाय. गिऱ्हाइकाने त्यावर लटकून पाहायचं आणि मगच घ्यायचं.

"वेंडेलकाका, हात दाखवा," मी पडल्याचं सांगताच ती म्हणाली. तळहातावरचा डाग पाहून तिने मला आयुष्यात ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या घातल्या. "आठाचं कडं? एकट्याने? या वयात?"

"वयाचं काढू नकोस. कडं चांगलं आहे."

"कडं चांगलंच आहे हो. खाली माणूस असेल तर."

तिने टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक बारीक दोरीचा फास. तो कड्याच्या खाली दोराला गुंडाळून खोगिराला अडकवायचा. हात सुटला की तो आवळतो आणि उतरणं थांबतं. जुनं कडं तेच ठेवता येतं. पण गुंडाळी दरवेळी नीट घालावी लागते, आणि थंडीत बोटं बधिर झाली की मी बुटाची नाडीसुद्धा नीट बांधत नाही. दुसरं होतं दांडीचं यंत्र. दांडी ओढली की दोर सरकतो, सोडली की आतला दात दोर चावून धरतो. झोप लागली तरी धरून ठेवतं. मात्र माझा दोर त्याला बारीक पडत होता. बारीक दोर त्या दाताखालून निसटतो. म्हणजे दोरही जाड घ्यायचा, आणि तो पाठीवर वाहायचा.

मी खांबावर चढून दोन्ही करून पाहिलं. यंत्रावर मधेच दोन्ही हात सोडले. लटकून राहिलो. हलकासा झोका, बस्स.

"बघा! कुणी लागतं का?" ट्रूडी खालून म्हणाली.

तिने ते कौतुकाने म्हटलं. मला मात्र ते लागलं. मी खाली उतरलो आणि तिथल्या तिथे अंगणातून लामारला फोन लावला.

"ऑक्टोबरात येतोयस ना?"

"येणार म्हणजे काय! येणारच. आयोनचं जरा बघतो आणि कळवतो," तो म्हणाला. मागे पाण्याचा आवाज येत होता. "तू बरा आहेस ना रे म्हाताऱ्या?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणालो. पडल्याचं सांगितलं नाही.

ट्रूडीने यंत्र आणि जाड दोर पिशवीत भरला होता. मी पिशवी परत सरकवली. "नको. लामार येतोय."

"आणि ज्या दिवशी तो नसेल, तेव्हा?"

"म्हटलं ना, येतोय!" मी इतक्या जोरात ओरडलो की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पोरीचं काय चुकलं होतं? पण ते यंत्र घेणं म्हणजे लामार येणार नाही यावर स्वतःच्या हाताने सही करणं, असं मला वाटत होतं. दोर तुटून मान मोडली असती तरी परवडली, पण ती सही मी करणार नव्हतो.

ऑक्टोबर आला आणि लामारही आला! सकाळी दारात उभा, पायात चपला, अंग उन्हाने रापून विटकरी. मी त्याला मिठी मारली नाही, आम्ही मारत नाही. मी तव्यावर हरणाचं सॉसेज टाकलं आणि अंडी फोडली. त्यातलं एक अंडं थेट जमिनीवर गेलं.

"अजून स्वयंपाक येत नाही तुला," तो म्हणाला.

"तुला तरी चपला घालून जंगलात जाणं कुठे येतं?"

खाऊन झाल्यावर त्याने पिशवीतून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत दांडीचं यंत्र होतं. तेच. त्याला जुळणारा जाड दोरही. ट्रूडीने मी गेल्यावर त्याला फोन केला होता, आणि माझ्या हाताचंही सांगितलं होतं.

"पडलास आणि मला बोलला नाहीस?" त्याचा आवाज चढला. "लेका, मी तिकडे वाळूत पडून विचार करतो, आज हा गाढव झाडावर असेल, खाली कोण असेल. झोप लागत नाही मला."

"मग ये ना परत."

त्याने ताट बाजूला सारलं. "घर विकलं रे. उद्या किल्ल्या द्यायच्यात. आयोन नाही येऊ शकत, आणि तिला एकटीला टाकून मी नाही येऊ शकत."

मला ते खोकं ओढ्यात फेकून द्यावंसं वाटलं. त्याने प्रेमाने आणलं होतं, हे मला कळत होतं. त्यामुळेच तर जास्त राग येत होता.

दुपारी तो हट्टाने मला झाडाशी घेऊन गेला. त्याच्या देखत एकदा उतरून दाखवायचंच. शिकार नाही, धनुष्य नाही. मी चढलो, नवा दोर खोडाला बांधला, यंत्रात घातला. खाली पाहिलं. लामार दोरापासून चांगला दहा पावलं लांब उभा होता, दोन्ही हात मुद्दाम खिशात घातलेले.

"मी नाहीच असं समज," तो ओरडला.

मी फळी सोडली. यंत्राने धरलं. दांडी ओढली, हळूहळू खाली सरकलो. मध्यावर आल्यावर दांडी सोडली आणि दोन्ही हात वर केले.

"झकास!" तो म्हणाला. मग तोंड फिरवून त्याने नाक पुसलं. "चल, ये आता. आयोनला फोन करायचाय."

मी लटकत राहिलो. खाली पाय टेकले की तो समाधानाने जाणार होता. यंत्र उत्तम चालत होतं. दांडी हाताला लागत होती.

"अडकलंय," मी म्हणालो.

"काय?"

"यंत्र अडकलंय, लामार! सरकत नाही!"

ते अडकत नाही, हे त्याला ठाऊक असणार. ट्रूडीने फोनवर अर्धा तास तेच तर समजावलं असणार. पण त्याचे हात खिशातून निघालेसुद्धा होते. चपला फटफटवत, पाल्यावरून घसरत तो धावत आला आणि त्याने दोर दोन्ही हातांनी पकडला. पाय रोवले, अंगाचा सगळा भार मागे टाकला.

"आहे मी! घाबरू नकोस, आहे मी इथे!"

मी दांडी ओढून पाहिली. तो इतका ताणून धरून होता की दोर तसूभर सरकेना. आता मी खरोखरच अडकलो होतो. खाली यायचं तर त्याला ढील द्यायला सांगायला हवं होतं.

मी बराच वेळ सांगितलं नाही.