पेरलेलं गवत

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या ह्यांनी बागेत नांगर घालणं बंद केलं. लग्नाची भांडी अजून पुसून ठेवायची होती, आणि हे सकाळी उठून ट्रॅक्टरचा नांगर सोडवून शेडमागे टाकून आले. म्हणाले, आता ह्याला गंज चढू दे. मला वाटलं, मुलगी गेल्याचं दुःख माणूस कशावर काढेल सांगता येत नाही.

पण ते दुःख नव्हतं. आमची बाग उतारावर. दर पावसाला माती खाली वाहायची, आणि वेलींची मुळं उघडी पडायला लागली होती. हे कुठूनतरी ऐकून आले होते की द्राक्षाच्या दोन ओळींमधली जमीन उघडी ठेवायचीच नाही. काढणी झाली की तिथे मोहरी, बरसीम, ओट असं मिसळून पेरायचं. हिवाळ्यात मेंढपाळाला बोलवायचं, मेंढ्यांना वरवर चरू द्यायचं, लेंड्या जागच्या जागी पडू द्यायच्या. वेलींचे डोळे फुटायला लागले की उरलेलं गवत कापायचं नाही, त्यावर लाकडी रूळ फिरवायचा. ते आडवं पडतं आणि उन्हाळाभर जमिनीवर पांघरुणासारखं राहतं. तणनाशकाचे फवारे बंद, नांगर बंद.

जमीन किती मोकळी झाली ते बघायला ह्यांनी एक लोखंडी सळई करून घेतली होती, वर कडी असलेली. दर वर्षी फुटीच्या वेळी ती जमिनीत दाबून बघायचे. पहिल्या वर्षी बोटभर जाऊन थांबली. पुढे वीतभर जायला लागली. "आज कोपरापर्यंत गेली गं," असं एकदा सांगत आले, तेव्हा चेहरा असा होता की नातू झाल्याची बातमी आली असावी.

उताराचा वरचा भाग आमचा आणि खालचा माझ्या दिरांचा. मध्ये कुंपण नाही, आमची शेवटची ओळ संपली की त्यांची पहिली सुरू होते. दिरांना सगळे कंगवा म्हणायचे, कारण त्यांच्या बागेत दोन ओळींमध्ये काडी दिसायची नाही. सगळी जमीन विंचरल्यासारखी. आमच्या गवताचं बी वाऱ्याने त्यांच्याकडे जायला लागलं तेव्हा ते ह्यांना म्हणाले, दादा, तुझं जंगल माझ्या बागेत उतरतंय. हे म्हणाले, चांगलं आहे की, तुझ्याकडे कुठेतरी केस उगवू देत. दिरांच्या डोक्यावर तेव्हा एक केस उरला नव्हता. चार माणसांत बोललेलं, सगळे हसले, दीर हसले नाहीत.

एवढ्यावरून बोलणं तुटलं. जाऊबाई होत्या तोवर निरोप तरी यायचे, शिडी पाठवा, कात्री परत द्या. त्या गेल्या आणि तेही संपलं. आमचे हे गेले तेव्हा दीर आले, खांदा दिला, अंगणात कडेला उभे राहिले आणि चहा न घेता खाली निघून गेले.

मग वरच्या घरात मी आणि खालच्या घरात ते. संध्याकाळी त्यांचा दिवा लागला की मी माझा लावायची. तेवढीच काय ती बोलणी.

बाग मी तशीच चालवली. पेरलं, मेंढ्या बोलावल्या, मजूर लावून रूळ फिरवला. सळई मीच घालायची, आणि कितपत गेली ते मोठ्याने सांगायची. ऐकायला कोणी नव्हतं, पण न सांगता सळई खुंटीला लावणं बरं वाटायचं नाही.

एका वर्षी पेरणी आटोपली आणि पुढच्याच आठवड्यात शेडच्या पायरीवरून पडले. खुबा मोडला. दवाखान्यातून धाकटी मला शहरात तिच्या घरी घेऊन गेली. चौथा मजला. खिडकीतून समोरची खिडकी दिसायची, तिथली बाई रोज कपडे वाळत घालायची, आणि मी तिच्या टॉवेलांवरून आज वार कोणता ते ओळखायला शिकले. लेक आणि जावई दोघंही कामाला जायचे. माझं काही कमी केलं नाही त्यांनी. पण दिवस मोठा असायचा. मी डोळे मिटून बागेतली एकेक ओळ चालायची. आता मोहरी गुडघ्याएवढी झाली असेल, आता मेंढ्या आल्या असतील.

डोळे फुटायच्या सुमाराला मी हट्टाने घरी आले. जावयाने गाडी फाटकाशी थांबवली. मी काठी टेकत उतरले आणि वर बघितलं.

सगळी बाग विंचरलेली होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उघडी तपकिरी माती, नांगराच्या सरळ रेघा. छाटणी झालेली, काड्या तारांना बांधलेल्या, एकही गाठ वाकडी नाही. आणि फाटकाच्या आत दीर उभे होते, टोपी हातात धरून, धुतलेला सदरा घालून.

"वहिनी, तुम्ही पडल्याचं मला उशिरा कळलं," ते म्हणाले. "गवत फार माजलं होतं. म्हटलं, आजारी माणूस घरी येईल, निदान बाग तरी नीटनेटकी दिसावी."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. माझ्या तोंडातून निघालं, "आत या भावजी, चहा घ्या."

ते आत आले. ह्यांच्या खुर्चीवर बसले नाहीत, शेजारच्या स्टुलावर बसले. चहा बशीत ओतून प्यायले, कप स्वतः विसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, मग रोज यायला लागले.

त्या पहिल्या दिवशी ते घरी परतल्यावर मी सळई घेऊन बागेत गेले होते. वरवर भुसभुशीत, वीतभर लोण्यासारखी गेली, आणि मग टक्क. नांगराच्या फाळाखाली जमीन दाबली गेली होती. वास घेतला, नुसती धूळ. गांडूळ म्हणून दिसलं नाही. त्या दिवशी मोठ्याने काही सांगितलं नाही मी. सळई पुसून ठेवून दिली.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण संध्याकाळ व्हायची, खालून त्यांची खोकत खोकत येण्याची चाहूल लागायची, आणि मी आधण ठेवायची. आम्ही दोघी जावा, म्हणून माझ्या काठीला ते तिसरी जाऊबाई म्हणायचे. आज तिसऱ्या जाऊबाई कुठे निघाल्या, असं विचारायचे. मी म्हणायची, तुमच्या डोक्यावरून हात फिरवायला. त्यावर ते हसले, तेव्हा मला ह्यांची फार आठवण झाली. एकदा त्यांनी सांगितलं की घरात रेडिओ दिवसभर चालू असतो, ऐकत नाही, नुसता आवाज असावा म्हणून. मी सळईशी बोलते हे मी त्यांना सांगितलं नाही.

उन्हाळ्यात एक जोराची सर आली. खिडकीतून बघत होते, आमच्या ओळींमधून चहाच्या रंगाचं पाणी खाली धावत होतं. दुसऱ्या दिवशी दीर म्हणाले, वहिनी, तुमची माती पण माझ्याकडे राहायला आली, खालचा चर भरून गेला. मी हसले. त्यांचा कप पुन्हा भरला.

दुपारी वेलींची पानं मान टाकायला लागली. आधीच्या उन्हाळ्यांत असं होत नव्हतं. घड लहान राहिले. दीर म्हणाले, वर्षच वाईट आहे. मी हो म्हटलं. काढणीला मात्र ते सगळे दिवस माझ्या बागेत राबले, स्वतःची आटोपून.

काढणी संपली. जमिनीत उरलेलं बी कुठे कुठे उगवून आलं होतं, मोहरीची दोन दोन पानं, बरसीमची हिरवी झाक. संध्याकाळी चहा पिताना दीर म्हणाले, उद्या सकाळी ट्रॅक्टर आणतो, गवत परत डोकं वर काढतंय. तुम्ही संकोच करू नका, दर वर्षी मीच घालत जाईन नांगर.

ते गेल्यावर दोन्ही कप धुतले. पालथे घालून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. बाग राखायची तर हा दुसरा कप फडताळात जाणार होता. कप राखायचा तर ह्यांनी थोरलीच्या लग्नापासून जमवलेली माती दर वर्षी थोडी थोडी खाली जाणार होती, आणि ती बघायला मीच खिडकीत असणार होते.

सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा मी पहिल्या ओळीच्या तोंडाशी काठी टेकून उभी होते.

"वहिनी, बाजूला व्हा, पाय आधीच नाजूक आहे तुमचा."

"भावजी, इंजिन बंद करा."

त्यांनी बंद केलं. एकदम शांत झालं.

"माझं गवत माजलं नव्हतं," मी म्हटलं. "ते मी पेरलं होतं. दर वर्षी पेरते."

ते खाली उतरले. वाकून मोहरीची ती दोन पानं बघितली, जणू ती आताच उगवली होती. दादाचं ते जंगल म्हणजे आळस आणि हट्ट, असंच ते इतकी वर्षं धरून होते. त्यात पेरणी असेल हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. विंचरणाऱ्या माणसाला ते कसं कळावं.

"मग मी आलो तेव्हाच का नाही बोललात?"

"इतक्या वर्षांनी तुम्ही पहिल्यांदाच घरात आला होतात."

त्यांनी फाळाला चिकटलेली वाळकी माती बोटाने काढली. मग म्हणाले, "म्हणजे इतके महिने मी तुमच्या मातीचा चहा प्यायलो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नांगर उचलून धरून ते ट्रॅक्टर हळूहळू खाली घेऊन गेले.

त्या संध्याकाळी ते आले नाहीत, नंतरच्याही नाहीत. सवयीने आधण दोघांचं पडायचं, उरलेला चहा मी पायरीशी ओतायची. खाली दिवा लागायचा. वारा इकडचा असला की रेडिओही ऐकू यायचा. मी एकदा काठी घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत आले. काय म्हणणार होते? खरं तर सगळं सांगून झालं होतं.

मी मजूर लावून पेरणी केली. हवेत गारवा आला तेव्हा एका सकाळी दीर खिडकीबाहेर उभे दिसले. आत आले नाहीत. खिडकीतूनच विचारलं, "ते बी किती खोल टाकायचं असतं?"

"खोल नाही. वरच फेकायचं आणि दाताळ्याने हलवून घ्यायचं."

"थोडं द्या."

मी डबा भरून दिला. दुपारी खिडकीतून पाहिलं, तर ते आमच्या शेवटच्या ओळीला लागून असलेल्या त्यांच्या पहिल्या ओळीत वाकून बी फेकत होते. तेवढी एकच ओळ. बाकीची बाग नेहमीसारखी विंचरलेली. बी फेकतानाही ते मागे वळून बघत होते, सारखं पडलंय की नाही. चहाला मात्र आले नाहीत. डबा धुऊन फाटकाला अडकवून गेले.

पुढे त्या ओळीत मोहरी फुलली. फुटीच्या वेळी मी रूळवाल्या मजुराला ती ओळही करायला लावली, आणि सळई घेऊन खाली उतरले. दाबून बघितली.

"भावजी, बोटभर," मी म्हटलं.

माझे दीर त्याच हिवाळ्यात, वेली फुटायच्या आधीच गेले होते, मेंढ्या वरच्या बागेत चरत होत्या त्या आठवड्यात, पहाटे झोपेत, छाटणी अर्धी राहिली असताना. थोरलीच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि आमच्या ह्यांना जाऊन सहा.