नदीकाठी अडलेली सायकल

मित्रांनो, मला स्वतःहून उभं राहता येत नाही. मी एक जुनी, निळी, पोलादी सायकल आहे आणि मला स्टँड नाही. कुणी भिंतीला टेकवलं तर उभी, नाही तर आडवी. चालते तेवढा वेळच मी सरळ असते. म्हणून थांबणं मला कधीच आवडलं नाही.

माझा कारखाना मला फारसा आठवत नाही. रंगाचा वास आणि भट्टीची ऊब, एवढंच आठवतं. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी एका विद्यार्थ्याकडे होते. तो शिकून निघून गेला आणि मला खांबाला बांधलेलीच विसरला. माझ्यावर बर्फ पडला, साखळी गंजली. पुढे नागपूरहून शिकायला आलेल्या उपासनाने मला घेतलं, साखळी बदलली आणि रोज वापरलं. चढावर ती धापा टाकत म्हणायची, "निळे, चल गं." ती दोन वर्षं फार चांगली गेली. मग तिला नोव्हाय नावाच्या दुसऱ्या शहरात मोटारींच्या कंपनीत नोकरी लागली, तिने कार घेतली, आणि मी गॅरेजच्या भिंतीवर टांगली गेले. चाकं हवेत ठेवून दिवस काढणं सायकललाच ठाऊक.

एका वसंतात उपासनाने मला खाली काढलं. नवे टायर चढवले, मागे दोन पिशव्या लावल्या. तिची आई गिरजाबाई तेव्हा नागपूरहून राहायला आली होती.

"बाप्पा, इथे येऊन कार घेतली, आणि आता सायकलवर जाते म्हणे," ती म्हणाली.

"आई, चेरोकी लोकांची वाट आहे ती. टेनेसीपासून ओक्लाहोमापर्यंत. मी एकटी राइड करणार आहे."

"त्यांना एकटं जाऊ दिलं होतं का कुणी?"

उपासना पंप शोधायला गेली.

मित्रांनो, चेरोकी हे या देशातले मूळचे लोक. १८३८ साली सैनिकांनी त्यांना घरांतून बाहेर काढलं आणि दूर पश्चिमेला धाडलं. पावसात, थंडीत, बहुतेकांनी पायीच ती वाट तुडवली. हजारो माणसं दगावली.

आम्ही टेनेसीतून निघालो. सुट्टी मोजकी होती, त्यामुळे उपासना घाईत होती आणि मी खुशीत. रस्त्याकडेला इतिहासाची पाटी आली की ती एक पाय जमिनीवर टेकवून फोटो काढायची आणि लगेच पुढे निघायची. संध्याकाळी आईचा फोन यायचा.

"सैनिक आले तेव्हा काही जण जेवायला बसले होते म्हणे. मग ताटं तशीच राहिली का गं?"

"आई, तेवढं डीटेल कुठे बघू? उद्या लवकर निघायचंय."

"आणि ज्या म्हाताऱ्यांना चालवत नव्हतं त्या?"

"उद्या सांगते."

पण दुसऱ्या दिवशी नवी पाटी असायची आणि नवा फोटो.

केंटकीत ओहायो नदीपाशी आम्ही अडलो. नदीला पूर आला होता, पलीकडे नेणारी फेरीबोट बंद होती. पूल लांब होता, आणि त्यावर सायकलला जागा नव्हती. उपासना काठावर येरझारा घालत होती. मी कठड्याला टेकून तळमळत होते. ओक्लाहोमा गाठायचं तर एक दिवसही वाया घालवून चालणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेजारचे सुभाषकाका गिरजाबाईला घेऊन नोव्हायहून थेट कारने आले. सोबत भाकरी, ठेचा आणि सायकल वाहून न्यायचा रॅक.

"पुलावरून पलीकडे सोडतो तुला," काका म्हणाले. "प्रॉब्लेम सॉल्व्ह. तुझा बॉसही खूश, मीही खूश."

"चला काका," उपासना म्हणाली आणि माझ्या पिशव्या सोडू लागली. मी तर मनाने रॅकवर चढलेच होते.

"एवढ्या लांब आले, तर ते लोक राहिले ती जागा तरी दाखव," गिरजाबाई म्हणाली.

जवळच्या रानात दगडाची एक मोठी कमान आहे. नदीत बर्फ होता तेव्हा चेरोकी लोक तिच्या आसपास थांबले होते. उपासनाने मला झाडाला टेकवलं. गिरजाबाई दगडाला हात लावून खाली बसली.

"किती दिवस होते इथे?"

"काही जण कित्येक आठवडे."

"तान्ही लेकरं होती?"

"होती, आई."

"पांघरायला?"

उपासना पाटीपाशी गेली. या प्रवासात पहिल्यांदाच तिने पाटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आईसाठी मराठीत सांगत, अडखळत, मोठ्याने. फोटो काढायचा राहूनच गेला.

परत आलो तेव्हा काकांनी रॅकचे पट्टे सोडून ठेवले होते. "आण सायकल."

उपासनाने माझं हँडल घट्ट धरलं. "नको काका. नदी उतरली की जाईन."

"अगं, ओक्लाहोमा राहील यार."

"राहील."

"मी थांब म्हटलं नव्हतं हं," गिरजाबाई म्हणाली. "नुसतं दाखव म्हटलं होतं."

"हो आई. मीच ठरवलं."

मला इतका राग आला की कारला टेकवलेली मी घसरून खडीत आडवी झाले. सायकलला दुसरं काय करता येतं? उपासनाने मला उचललं, ओढणीने पुसलं आणि पुन्हा टेकवलं.

ते दोघे परत गेले. पूर ओसरला, बोटीने आम्ही पलीकडे गेलो. इलिनॉयमध्ये मी जेवढ्या झाडांना टेकले असेन, तेवढी जन्मात टेकले नव्हते. प्रत्येक पाटीपाशी उपासना उतरायची, आईला फोन लावायची आणि सगळं वाचून दाखवायची. मिसिसिपी नदीच्या काठावर सुट्टी संपली. पलीकडे रस्ता चढावर जाताना दिसत होता. माझी चाकं शिवशिवत होती. उपासना बराच वेळ तिकडे बघत राहिली, मग तिने काकांना फोन केला. या वेळी तिने स्वतःच मला रॅकवर चढवलं.

मित्रांनो, तो चढ अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या सुट्टीत त्याच काठावरून निघायचं, असं उपासना म्हणते.

तुमच्या घरच्या सायकलीच्या साखळीला तेल द्या, चाकांत हवा भरा, तिला दूरवर न्या. आणि वाटेत एखादी पाटी दिसली तर उतरा. सायकल कुरकुरेल, घसरून पडेलसुद्धा. तिला उचला, झाडाला टेकवा आणि पाटी पूर्ण वाचा. तोवर तिचं काही ऐकू नका.