चेहरा जुळत नाही!

मी एक कुलूप बोलतोय. किल्लीचं नव्हे, चेहरा ओळखून उघडणारं. कपाळावर छोटा पडदा मिरवणारं आणि गरज नसताना बोलणारं.

कारखान्यात मला शिकवलं, माणूस म्हणजे दोन डोळे, एक नाक आणि त्यांच्यातलं अंतर. दारात बसल्यावर कळलं, माणूस म्हणजे काय वाट्टेल ते! या घरातली आई पावाच्या भट्टीत कामाला. दुपारी यायची ती भुवयांपर्यंत पिठात माखून. बाबा कायम पेंगुळलेले. अडीच वर्षांची छकुली मला बघून फक्त जीभ काढायची. तरी मी सगळ्यांना बिनचूक ओळखायचो. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

मग आमच्या कंपनीने एका क्रीमवाल्यांशी सोयरीक जुळवली. एका सकाळी वरून हुकूम आला आणि घरातल्यांची चित्रं बदलली. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, नाक सरळ झालं, रंग उजळला. खरे चेहरे माझ्या तळाशी होते, पण जुळवणी आता वरच्या नव्या चित्रांशीच व्हायची. पडद्यावरची ती सुंदर बाई बघून आई जरा थबकली आणि नकळत स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. मला मुळीच आवडलं नाही.

त्याच दिवशी गॅसवर दूध ठेवून ती कचरा टाकायला गेली. दार मागे आपोआप लागलं. छकुली आत, आई बाहेर, बाबा कामावर.

"उघड रे," ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघालं, "चेहरा जुळत नाही. आमचं क्रीम वापरून पाहा. अर्ध्या तासात घरपोच!"

"मेल्या, दूध उतू जाईल!"

समोरचे काका धावत आले. नाटकातल्या नटांचे चेहरे रंगवण्यात त्यांचा जन्म गेलेला. दाराला दोन धक्के मारून पाहिले, पण मी पडलो मजबूत. मग त्यांनी रंगांची पेटीच आणली. "ही बाई हवी ना याला? आत्ता बनवतो तुला!" भराभर पावडर थापली, नाकाला सावली दिली. पडद्यावरचा जुळणीचा आकडा चढू लागला. ऐंशी, नव्वद... थोडक्यात राहिलं!

तेवढ्यात आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आई, मी काढते दूध!"

"नको गं बाळा, हात लावू नकोस!" आईला रडू फुटलं. काकांची सगळी कला ओघळून हनुवटीवर आली आणि आकडा धाडकन खाली.

माझ्यापाशी एकच उपाय होता. कंपनीशी संबंध तोडून स्वतःची पाटी कोरी करायची. तेव्हा अडसर आपोआप सरकतो. पण ओळखीचे सगळे चेहरेही जातात. जिवावर आलं हो. ते पीठ, ती पेंग, ती जीभ, आज मला सांगता येतात, पण डोळ्यांपुढे येत नाहीत.

मी पाटी पुसली. खट्!

आई आत झेपावली. छकुली खुर्चीवर चढून पातेल्याकडे हात नेत होती. तिला उचललं, गॅस बंद केला आणि मग दोघी मनसोक्त रडल्या.

माझा पडदा विचारत होता, मालकीणबाईंचा चेहरा कोणता?

"थांब, नीट रंगवून देतो," काका म्हणाले. "कायमचा नोंदवायचाय."

आई मोरीत गेली, खसाखसा तोंड धुतलं आणि ओल्या, लाल डोळ्यांनी माझ्यासमोर उभी राहिली. "हा घे. हाच आहे माझा."

दार उघडंच होतं, तरी मी पुन्हा एकदा उघडलो.

कंपनीच्या लेखी मी आता बिघडलोय. दुरुस्तीवाला पाठवणार आहेत म्हणे. तो जिन्यात भेटलाच, तर त्याला तेवढं सांगा, त्या घरचं कुलूप झकास चालतंय, तू आपला परत जा.